लाल रेषा आणि झाडांची सावली : अमेरिकी उपनगरांच्या वृक्षतुलनेचे ऐतिहासिक वाचन

१

वस्त्या-वस्त्यांची तुलना करण्याची मापे काळागणिक बदलत आली आहेत. एकोणिसाव्या शतकात रोगराई आणि मृत्युदर ही मुख्य मापे होती. विसाव्या शतकात घरभाडे, उत्पन्न, शिक्षण यांची त्यांत भर पडली. एकविसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणखी एक माप रूढ झाले : वस्तीत झाडे किती. विमानातून किंवा उपग्रहातून घेतलेल्या प्रतिमांच्या आधारे वस्तीच्या एकूण क्षेत्रापैकी किती भाग झाडांच्या पर्णछत्राखाली येतो हे काढायचे आणि त्या टक्केवारीवरून वस्त्यांची प्रतवारी लावायची, अशी ही पद्धत. वरवर पाहता हे माप निरुपद्रवी वाटते. झाड ही निसर्गाची वस्तू. ते कोठे अधिक आणि कोठे उणे, हा माती-पाण्याचा प्रश्न असावा, असा समज सहज होतो.

२०२१ साली डेक्स्टर लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३७ अमेरिकी शहरांच्या वृक्षाच्छादनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९३०च्या दशकात एका सरकारी संस्थेने शहरांच्या निवासी भागांना ‘ए’ ते ‘डी’ अशा चार श्रेणी दिल्या होत्या. लॉक यांनी ते जुने नकाशे आजच्या वृक्षाच्छादनाच्या नकाशांवर ठेवून पाहिले. एके काळी ‘ए’ श्रेणीत असलेल्या भागांत आज सरासरी सुमारे ४३ टक्के पर्णछत्र आढळले. ‘डी’ श्रेणीतील भागांत सुमारे २३ टक्के. ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका कचेरीतील रंगीत शाई आणि आजची सावली यांच्यात इतका निकटचा मेळ निघावा, ही गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या कक्षेत मावणारी नाही. तेथून इतिहासाचा आणि अर्थनिर्णयनाचा प्रांत सुरू होतो.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, झाडांच्या संख्येवरून केलेली वस्त्यांची तुलना ही एका संहितेच्या वाचनासारखी आहे. जमिनीचे खत, कर्जाची मुदत, नगरपालिकेची मजुरी आणि रहिवाशांची स्मृती या साऱ्यांनी मिळून ती संहिता लिहिली आहे. संख्या अंतर दाखवते. त्या अंतराचा अर्थ मात्र संख्येत नसतो. एकच टक्केवारी दोन वस्त्यांत परस्परविरोधी इतिहास सांगू शकते, आणि एकाच उणिवेचे दोन वेगळे वृत्तान्त असू शकतात. तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने या प्रकरणाचे महत्त्व येथे आहे.

२

उपनगर आणि वृक्षराजी यांचे साहचर्य आज इतके अंगवळणी पडले आहे की ते सनातन वाटावे. प्रत्यक्षात ते अर्वाचीन आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तटाबाहेरची वस्ती ही हीन मानली जाई. शहरात ज्यांना आणि ज्या धंद्यांना जागा नसे ते तेथे राहत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या सधन व्यापाऱ्यांनी क्लॅपहॅमसारख्या गावांत घरे बांधली, तेव्हा या शब्दाचे मूल्य उलटू लागले. ही उलथापालथ रॉबर्ट फिशमन यांनी ‘बूर्ज्वा युटोपियाज’ (१९८७) या ग्रंथात तपशिलाने मांडली आहे. बाहेर असणे ही उणीव होती. ती निवड झाली.

अमेरिकेत या निवडीला झाडाची खूण मिळाली. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यांनी १८४६ ते १८५२ या काळात ‘द हॉर्टिकल्चरिस्ट’ या नियतकालिकाचे संपादन करताना गावांच्या रस्त्यांवर झाडे लावण्याचा सातत्याने पुरस्कार केला. १८५७ साली न्यू जर्सीत ल्युएलिन पार्क ही वनराईत वसवलेली वसाहत सुरू झाली. १८६८-६९ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी शिकागोजवळच्या रिव्हरसाइडची आखणी केली. घर रस्त्यापासून ठरावीक अंतर मागे असावे आणि घर व रस्ता यांच्यामध्ये प्रत्येक गृहस्थाने एक-दोन जिवंत झाडे राखावीत, अशी अपेक्षा त्यांच्या अहवालात नोंदवलेली आहे. झाड येथे शोभेची वस्तू राहिले नाही. ते मालकीच्या अटींचा भाग झाले.

पुढच्या पिढीत अशा अटी खरेदीखतांत शिरल्या. बाल्टिमोरच्या उत्तरेस १८९१ पासून रोलंड पार्क विकसित करणाऱ्या कंपनीने या प्रकारच्या खतांना पद्धतशीर रूप दिले. घर किती मागे, कुंपण कसे, कोणता व्यवसाय वर्ज्य, हे सारे खतात लिहिलेले असे. आणि गिल्फर्ड या तिच्या १९१३ सालच्या वसाहतीत कृष्णवर्णीयांच्या निवासावरील बंदीही. याच बाल्टिमोर शहराने १९१० साली वंशानुसार घरांची विभागणी करणारा नगरपालिकेचा कायदा केला होता. अशा प्रकारचा तो अमेरिकेतील पहिला कायदा मानला जातो. १९१७ साली सर्वोच्च न्यायालयाने लुइव्हिल शहराचा तत्सम कायदा रद्द केल्यावर हे काम खाजगी खतांकडे आले. तात्पर्य, अंगणासाठी जागा सोडण्याची अट आणि माणसाला वगळण्याची अट एकाच कागदावर, एकाच भाषेत, शेजारी-शेजारी नांदत होत्या. हिरवेपणाच्या इतिहासाला वगळणुकीच्या इतिहासापासून विलग करता येत नाही, याचा पहिला पुरावा हा असा कागदोपत्री आहे.

३

१९२९ नंतरच्या मंदीत लक्षावधी कुटुंबांची घरे कर्जापायी लिलावात निघू लागली. १९३३ साली स्थापन झालेल्या ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ या सरकारी संस्थेने १० लाखांहून अधिक कर्जे आपल्याकडे घेऊन त्यांची नव्याने मांडणी केली. १९३५ ते १९४० या काळात तिने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करवले. उत्तम भाग हिरव्या रंगात, त्याखालोखालचे निळ्या, उतरणीला लागलेले पिवळ्या आणि ‘धोकादायक’ भाग लाल रंगात. ‘रेडलायनिंग’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या व्यवहाराचे हे दृश्य प्रतीक. केनेथ जॅक्सन यांच्या ‘क्रॅबग्रास फ्रंटियर’ (१९८५) या ग्रंथाने हे नकाशे अभ्यासकांच्या चर्चेच्या केंद्रस्थानी आणले. २०१६ साली रिचमंड विद्यापीठाच्या प्रकल्पाने ते संगणकावर सर्वांना खुले केले आणि त्यानंतरच वृक्षतुलनेचे मोठे अभ्यास शक्य झाले.

साहित्याच्या अभ्यासकाने नकाशाइतकेच त्यासोबतच्या वर्णनपत्रांकडे लक्ष द्यायला हवे. प्रत्येक भागासाठी एक छापील नमुना भरलेला आहे. भूभागाचा चढउतार, अनुकूल गोष्टी, प्रतिकूल गोष्टी, घरांचे वय आणि दुरुस्ती, रहिवाशांचा व्यवसाय, परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण, कृष्णवर्णीय आहेत की नाहीत, आणि कोणाचा ‘शिरकाव’ होत आहे का, अशी त्यातील रकान्यांची मांडणी. जमिनीचा उतार आणि माणसाचा वंश ही एकाच यादीतील दोन कलमे झाली. गणनेच्या कोरड्या भाषेत अवमूल्यन कसे सहज मिसळते याचे हे गद्य लक्षणीय उदाहरण होय. त्यात कोठे आवाज चढत नाही, कोणाला शिवी दिलेली नाही. केवळ रकाने भरलेले आहेत.

१९३४ साली स्थापन झालेल्या ‘फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन’ने हीच दृष्टी कर्जाच्या विम्याला लावली. तिच्या मार्गदर्शक पुस्तिकेत वांशिक अटी असलेल्या खतांची शिफारस होती, आणि टेकड्या, घळी किंवा वेगवान वाहतुकीचे रस्ते यांसारखे नैसर्गिक वा कृत्रिम अडथळे वस्तीचे रक्षण करतात असेही म्हटले होते. या विचाराचे एक वीट-सिमेंटातील रूप डेट्रॉइटमध्ये आहे. १९४१ साली एका बांधकाम व्यावसायिकाने गोऱ्यांसाठी नियोजित घरांना सरकारी विम्याचे कर्ज मिळावे म्हणून शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या कडेने सुमारे अर्धा मैल लांब आणि ६ फूट उंच भिंत बांधली. भिंत बांधल्यावर कर्जे मंजूर झाली.

४

झाड आणि कर्ज यांचा संबंध प्रथमदर्शनी दूरान्वयाचा वाटेल. तो काळाच्या मापाने स्पष्ट होतो. मंदीपूर्वी अमेरिकेत घरासाठीचे कर्ज बहुधा पाच ते दहा वर्षांचे असे आणि मुदतीअखेर मोठी रक्कम एकदम फेडावी लागे. १९३०च्या दशकातील सरकारी धोरणाने दीर्घ मुदतीचे, समान हप्त्यांचे कर्ज रूढ केले. पुढे ही मुदत वीस, पंचवीस, तीस वर्षांपर्यंत गेली. ओक किंवा मेपल यांचे रोप लावल्यापासून रस्त्यावर सावली धरेपर्यंत लागणारा काळ जवळजवळ एवढाच. एवढी वर्षे ही जागा आपलीच राहणार अशी ज्याला खात्री, तो सावलीचे झाड लावतो. ज्याच्या डोक्यावर दर महिन्याला घर जाण्याची टांगती तलवार, त्याला वर्षभरात फळ देणारी भाजी परवडते. ओक परवडत नाही.

लाल रेषेच्या आत बँकेचे कर्ज मिळत नसे. शिकागोसारख्या शहरांत तेथील लोकांना ‘करारावर’ घर घ्यावे लागे : शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच, आणि एक हप्ता चुकला तरी आधी भरलेले सर्व बुडण्याची भीती. बेरिल सॅटर यांच्या ‘फॅमिली प्रॉपर्टीज’ (२००९) या ग्रंथात या व्यवहाराचे सविस्तर चित्रण आहे. अशा घराचा मालक अंगणात कोणत्या भरवशावर खड्डा खणणार?

लेव्हिटटाउनचे उदाहरण हा मुद्दा दुसऱ्या बाजूने सिद्ध करते. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांच्या जागी लेव्हिट कंपनीने १७ हजारांहून अधिक घरे उभारली. शेतजमीन असल्याने आरंभी हे उपनगर जवळपास उघडे होते. हिरवळ नियमित कापावी, कुंपण घालू नये, अशा अटी रहिवाशांवर होत्या. आणि सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांव्यतिरिक्त कोणी तेथे राहू नये हीही अट होती. सरकारी हमीच्या कर्जाने, थोड्या किंवा शून्य अगाऊ रकमेवर, युद्धावरून परतलेल्या गोऱ्या सैनिकांना ही घरे मिळाली. तेथे लावलेली रोपे पुढील दशकांत मोठी झाली. म्हणजे झाडे पाहून सुस्थिती तेथे आली असे घडले नाही; स्थैर्य आधी आले आणि झाडे त्यामागून वाढली. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने वांशिक अटींची न्यायालयीन अंमलबजावणी अवैध ठरवली, १९६८ साली कायद्याने घरविक्रीतील भेदभावावर बंदी आली. परंतु तोवर एका बाजूच्या झाडांना वीस वर्षांची आघाडी मिळालेली होती. कायदा एका दिवसात लागू होतो. खोडाची वलये मात्र वर्षाला एकच पडतात.

काळाइतकीच जागाही निर्णायक ठरली. बाल्टिमोरच्या जुन्या मजूर वस्त्यांत एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळी आहेत. संगमरवरी पायऱ्या थेट पदपथावर उतरतात आणि पदपथ फरसबंदीचा आहे. तेथे झाड लावायचे तर आधी सिमेंट फोडावे लागते. याउलट उपनगरात पदपथ आणि सडक यांच्यामध्ये मातीची पट्टी मूळ आखणीतच सोडलेली असते. १९५६ नंतर आंतरराज्य महामार्गांची आखणी झाली तेव्हा डेट्रॉइटच्या ब्लॅक बॉटमसारख्या आणि सेंट पॉलच्या रोंडोसारख्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधून ते नेण्यात आले. घरांबरोबर अंगणेही गेली.

या साऱ्याचे परिणाम आज तापमापकावर वाचता येतात. जेरेमी हॉफमन, विवेक शांडस आणि निकोलस पेंडलटन यांनी २०२० साली १०८ शहरी भागांचा अभ्यास करून दाखवले की त्यांपैकी ९४ टक्के ठिकाणी पूर्वीचे लाल भाग इतर भागांपेक्षा उन्हाळ्यात अधिक तापतात. हा फरक सरासरी सुमारे २.६ अंश सेल्सिअस, तर काही ठिकाणी ७ अंशांपर्यंत आहे. उष्णतेच्या लाटेत वृद्ध आणि आजारी माणसांच्या दृष्टीने हे अंतर जीवनमरणाचे ठरू शकते.

५

एवढ्यावर हा वृत्तान्त सुबक वाटतो, आणि म्हणूनच त्याची उलटतपासणी आवश्यक ठरते. नकाशांनीच ही विषमता घडवली, या विधानाला इतिहासकारांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. एमी हिलियर यांनी फिलाडेल्फियाचा अभ्यास करून २००३ साली दाखवले की कॉर्पोरेशनचे नकाशे खाजगी बँकांच्या हाती व्यापक प्रमाणात पोहोचल्याचा पुरावा दुबळा आहे, आणि बँका लाल भागांना त्याआधीपासूनच टाळत होत्या. प्राइस फिशबॅक आणि सहकाऱ्यांनीही असे निदर्शनास आणले की कॉर्पोरेशनची बहुतेक कर्जे नकाशे पुरे होण्यापूर्वीच दिली गेली होती आणि ती कृष्णवर्णीय घरमालकांनाही मिळाली होती. वस्त्यांतील आर्थिक अंतर नकाशांच्या अगोदरचे होते. नकाशांनी ते नोंदवले.

हा आक्षेप मान्य केल्याने वृक्षतुलनेचे मोल कमी होत नाही. तिचे स्वरूप बदलते. नकाशाला कारण मानण्याऐवजी साक्षीदार मानावे लागते. १९१०चा नगरपालिका कायदा, खरेदीखतांतील अटी, बँकांची टाळाटाळ, विम्याची पुस्तिका, महामार्गाची आखणी या दीर्घ प्रक्रियेतील एका क्षणी कोणीतरी शहराचे रंगीत चित्र काढून ठेवले. आजची झाडे त्या चित्राशी जुळतात, कारण दोन्ही एकाच प्रक्रियेची अपत्ये आहेत. साहित्याच्या अभ्यासात एखादी कृती दुसरीवर ‘प्रभाव’ टाकते असे म्हणण्यापूर्वी दोन्हींचा समान उगम तपासण्याची शिस्त असते. येथेही तीच शिस्त लागू होते.

६

दुसरी अडचण मापाच्या पोटात दडलेली आहे. आकाशातून घेतलेल्या प्रतिमेत हिरवा ठिपका दिसतो. त्या हिरवाईमागचा हेतू दिसत नाही. महारुखाचा चिनी भाऊबंद असलेला ऐलँथस हा वृक्ष अमेरिकी शहरांत पडक्या घरांच्या फटींत, ओसाड भूखंडांवर आपोआप उगवतो. बेट्टी स्मिथ यांच्या ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’ (१९४३) या कादंबरीने त्याला गरीब वस्तीच्या चिवटपणाचे प्रतीक बनवले. परंतु बाल्टिमोर किंवा डेट्रॉइटमधील निर्जन गल्लीत तोच वृक्ष माणसे निघून गेल्याची खूण असतो. एखाद्या गल्लीचे पर्णछत्र वाढले याचा अर्थ तेथे कोणी झाड जोपासले असा होईल, किंवा कोणी उरले नाही असाही होईल. टक्केवारी दोहोंना समान गुण देते.

उलट दिशेनेही चूक संभवते. अँड्र्यू वीस यांनी ‘प्लेसेस ऑफ देअर ओन’ (२००४) या ग्रंथात श्रमिक कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलेल्या उपनगरांचा इतिहास दिला आहे. दक्षिणेतून आलेल्या या कुटुंबांसाठी अंगण म्हणजे भाजीचे वाफे, कोंबड्या आणि घराचा पोटापाण्याचा आधार होता. मातीशी इतके घट्ट नाते असलेली ही वस्ती पर्णछत्राच्या मापात मात्र उणी ठरू शकते. माप ज्या हिरवाईला ओळखते ती ओल्मस्टेडची हिरवाई आहे : सावली आणि दृश्य. पोट भरणारी हिरवाई त्यात दिसत नाही.

तिसरी अडचण स्मृतीची. डेट्रॉइटमध्ये २०११ ते २०१४ या काळात एका स्वयंसेवी संस्थेने रहिवाशांच्या दारांसमोर मोफत झाडे लावण्याचा कार्यक्रम राबवला, तेव्हा पात्र रहिवाशांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने झाड नको असे कळवले. क्रिस्टीन कारमायकल आणि मॉरीन मॅकडोना यांनी या नकाराचा अभ्यास करून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. झाडाचे फायदे रहिवाशांना ठाऊक होते. त्यांची तक्रार अशी की कोणते झाड, कोठे, हे त्यांना कोणी विचारले नाही. शहराने पूर्वीच्या झाडांची निगा राखलेली नाही. हे झाड मोठे झाल्यावर त्याचा पाला, त्याच्या फांद्या आणि मुळे यांचे ओझे आपल्याच गळ्यात पडणार. त्याखाली एक जुनी आठवणही होती. शहराच्या लेखी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील झाडांचा नाश हा मुख्यतः डच एल्म रोगाचा परिणाम. काही कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सांगण्यानुसार १९६७च्या उठावानंतर आकाशातून पाळत ठेवणे सोपे जावे म्हणून शहराने त्यांच्या वस्तीतील झाडे तोडली.

एल्मचा रोग ही वस्तुस्थिती आहे. १९३० साली ओहायोत आढळल्यापासून त्याने अमेरिकेतील कोट्यवधी एल्म मारले, आणि एकाच जातीच्या झाडांच्या रांगा लावण्याची आवड असलेल्या शहरांना त्याचा विशेष फटका बसला. मात्र त्या स्त्रियांचे कथन केवळ भ्रम म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्या वस्तीच्या कडेला भिंत उभारली गेली, जिच्या मध्यातून महामार्ग गेला, तिने झाडे तोडणाऱ्या पथकाकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची ती साक्ष आहे. एकच उणीव, एक वृत्तान्त कीटकांचा, दुसरा सत्तेचा. मौखिक परंपरांच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित नाही. कथन घटनेची अचूक नोंद नसले तरी संबंधांची अचूक नोंद असू शकते.

लॉरेन हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) या नाटकाचे वाचन या पार्श्वभूमीवर अधिक अर्थपूर्ण होते. शिकागोच्या कोंदट घरात वृद्ध माता खिडकीत एक रोपटे जगवते आहे आणि अंगण असलेल्या घराचे स्वप्न पाहते आहे. घर मिळते ते गोऱ्यांच्या वस्तीत, जेथे त्यांनी येऊ नये म्हणून पैसे देऊ केले जातात. लेखिकेच्या वडिलांनी याच शहरातील खतांच्या अटींविरुद्ध दिलेला लढा १९४० साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला होता. नाटकातील रोपटे हे आशेचे प्रतीक म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. मालकी, मुदत आणि माती यांच्या इतिहासाच्या प्रकाशात ते एक नेमका दावाही ठरतो : मुळे धरण्यासाठी जमीन हवी, आणि जमिनीवर राहू दिले जाण्याची हमी हवी.

७

मराठी वाचकाला या प्रकरणातील एक संकल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. वस्तीची सीमा ही माणसाच्या दर्जाची सीमा असते, हे मराठीत ‘गावकूस’ या एका शब्दात साठलेले आहे. दलित साहित्याने ‘गावकुसाबाहेर’ या पदाला जो अर्थभार दिला, त्यात जागा आणि जात यांचे अभिन्नत्व आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले. हा संवाद दीडशे वर्षांचा आहे. तथापि गावकूस आणि लाल रेषा एक नव्हेत. गावकुसाला रूढीचे आणि धर्माचे अधिष्ठान होते आणि ती उघड होती. लाल रेषा कचेरीच्या कपाटात होती, तिचे अधिष्ठान जोखमीच्या हिशेबाचे होते, आणि जिच्यावर ती ओढली गेली त्या वस्तीला ती बहुधा दिसतही नसे. डेट्रॉइटची भिंत हा अपवाद : तेथे हिशेबाची रेषा गावकुसासारखी डोळ्यांना दिसू लागली.

वृक्षतुलनेचे माप मात्र भारतात जसेच्या तसे आणता येत नाही. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. निखिल राव यांच्या त्यावरील ग्रंथाचे (२०१३) शीर्षकच घर आहे पण बाग नाही असे सुचवणारे आहे. येथील उपनगर सदनिकांचे बनले. झाड खाजगी अंगणातून रस्त्याच्या कडेला आणि फाइव्ह गार्डन्ससारख्या सार्वजनिक बागेत आले. खाजगी मालकी आणि झाड यांचा अमेरिकी उपनगरातील संबंध येथे सैल आहे. शिवाय मोजण्याची रीतही निराळी. अमेरिकी अभ्यास पर्णछत्राचे क्षेत्र मोजतात. मुंबई महानगरपालिकेची गणना झाडे मोजते. २०१८च्या गणनेत शहरात सुमारे २९.७५ लाख झाडे नोंदली गेली. शंभर वर्षांचा वड आणि दोन वर्षांचे रोप या मोजणीत सारखेच. त्यातही आकडे विभागवार जाहीर होतात, आणि फाइव्ह गार्डन्सचा परिसर व अँटॉप हिलच्या दाट झोपडवस्त्या महापालिकेच्या एकाच ‘एफ उत्तर’ विभागात मोडतात. सरासरी काढताच त्यांच्यातील अंतर नाहीसे होते. तुलनेचा निष्कर्ष बव्हंशी तुलनेचे एकक ठरवतानाच ठरून जातो.

८

हा प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही. २०२१ साली ‘अमेरिकन फॉरेस्ट्स’ या संस्थेने वस्तीनिहाय वृक्षसमतेचा गुणांक प्रसिद्ध केला. २०२२च्या एका कायद्याने नागरी वृक्षारोपणासाठी दीड अब्ज डॉलरची तरतूद झाली. गणना आता निधीची दिशा ठरवते. जेथे टक्केवारी कमी तेथे रोपे पाठवा, हे धोरण संख्येवरून सरळ निघते. डेट्रॉइटच्या नकारांनी दाखवून दिले की ते तेवढ्याने पुरे पडत नाही. घराचे करार, पदपथाची रुंदी, पहिल्या तीन वर्षांच्या पाण्याची जबाबदारी आणि झाड कोणते हे ठरवण्याचा अधिकार यांची उत्तरे मिळाल्यावाचून लावलेले रोप हे पुन्हा एकदा बाहेरून ओढलेली रेषाच ठरते. तिचा रंग तेवढा हिरवा.

झाडांच्या संख्येवरून वस्त्यांची तुलना करावी की नाही, असा पर्याय येथे सुचवायचा नाही. ती करायलाच हवी, कारण ४३ आणि २३ यांमधील अंतर अन्य कोणत्या पुराव्याने इतक्या ठळकपणे समोर आले नसते. परंतु तुलनेतून हाती येणारी संख्या हा वाचनाचा आरंभ मानावा लागतो. प्रत्येक वस्तीच्या बाबतीत पुढचे प्रश्न उरतात : येथे झाड लावणाऱ्याला किती वर्षे राहण्याची मुभा होती, त्याच्या दाराशी माती होती का, आणि जे झाड आज दिसत नाही त्याच्याविषयी तेथील माणसे काय सांगतात. या तीन प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांत, नकाशांत आणि माणसांच्या तोंडी विखुरलेली आहेत. ती एकत्र वाचण्याचे काम वनस्पतिशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्याइतकेच साहित्याच्या अभ्यासकांचेही आहे.